जीव तारण ठेवणारं गाव : ‘नारुतो’तल्या सौद्यांची पार्श्वभूमी

‘नारुतो’ या जपानी मांगाची, म्हणजे चित्रकथामालेची, गोष्ट एका फसव्या सौद्यापासून सुरू होते. मारामाऱ्यांच्या आठवणींत हे बहुतेकांच्या ध्यानातून निसटतं. निंजा होण्याच्या परीक्षेत पुन्हा नापास झालेला, गावाने जवळपास वाळीत टाकलेला एक पोरगा, नारुतो. त्याला मिझुकी नावाचा मास्तर सांगतो, बंदी घातलेली गुंडाळी चोरून आण, तिच्यातली एक विद्या शिकून दाखव, तुला पास करतो. पोरगा दोन्ही गोष्टी करतो. मग कळतं की मास्तरला फक्त गुंडाळी हवी होती. त्याच झटापटीत मिझुकी गावाने बारा वर्षं दाबून ठेवलेलं गुपित फोडतो : गाव उद्ध्वस्त करणारा नऊ शेपट्यांचा कोल्हा या पोराच्याच शरीरात कोंडलेला आहे. नारुतोवर फेकलेलं शस्त्र दुसरा मास्तर इरुका आपल्या पाठीवर झेलतो. कोल्ह्याच्या हल्ल्यात इरुकाचे आईवडील गेलेले आहेत, हे लक्षात घेतलं तर त्या पाठीचं वजन कळतं.

पहिल्याच प्रकरणातला हा साचा पुढे पंधरा वर्षं टिकला. मासाशी किशिमोतो यांची ही मालिका शुएईशा प्रकाशनाच्या ‘वीकली शोनेन जंप’मध्ये सप्टेंबर १९९९ मध्ये सुरू झाली आणि १० नोव्हेंबर २०१४ ला ७०० व्या प्रकरणाने संपली. पुस्तकरूपात तिचे ७२ खंड आहेत. भावनेचं मोठं वळण आलं की त्याच्या मागे कुठेतरी देवाणघेवाण झालेली असते, आणि सौदा करणारा एक व किंमत मोजणारा दुसरा, बहुतेक वेळा एखादं मूल, असा तो मामला असतो. माझ्या मते मालिकेची खरी ताकद इथे आहे आणि तिची घसरणही इथूनच मोजता येते.

हा साचा आधीपासून ठरलेला नव्हता. १९९७ मध्ये ‘आकामारू जंप’ या विशेषांकात किशिमोतोंनी ‘नारुतो’ची एक छोटी, स्वतंत्र गोष्ट छापली होती. तिच्यात नारुतो हा कोल्ह्याचाच मुलगा होता. म्हणजे राक्षसाच्या पोटचा एक खट्याळ पोर. दोन वर्षांनी मालिका आली तेव्हा तो माणसाचा मुलगा झाला आणि कोल्हा त्याच्या पोटातला कैदी. बदल छोटा दिसतो, पण सगळं कथानक त्यावर उभं आहे. कोल्ह्याला कोंडायचं तर कुणीतरी कोंडलं पाहिजे, आणि त्याची काही किंमत पाहिजे. चौथ्या होकागेने, म्हणजे गावाच्या प्रमुखाने, मृत्यूच्या देवतेला स्वतःचा आत्मा दिला आणि भांडं म्हणून नुकतंच जन्मलेलं बाळ वापरलं. गावाने या बाळाकडे वीर म्हणून पाहावं, अशी त्याची इच्छा होती. गावाने नेमकं उलट केलं. ते बाळ त्याचं स्वतःचंच होतं, हे वाचकांना बऱ्याच उशिरा कळतं. तेव्हा सौद्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

कोल्हा मात्र किशिमोतोंचा नाही. जपानी दंतकथेत बाराव्या शतकातल्या सम्राट तोबाच्या दरबारात तामामो-नो-माए नावाची लावण्यवती येते, राजा आजारी पडू लागतो आणि ती नऊ शेपट्यांची कोल्ही असल्याचं उघड होतं. नासूच्या माळावर तिला मारलं जातं आणि तिचा दगड होतो. त्या नावाने दाखवला जाणारा दगड मार्च २०२२ मध्ये दुभंगलेला आढळला, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) कथेत हीच कोल्ही आधी चीनमध्ये आणि त्याआधी भारतात राजांना नादी लावून आलेली असते. भारतातला तिचा राजपुत्र हानझोकू हा आपल्या महाभारतातल्या कल्माषपादाचाच बौद्ध ग्रंथांतून फिरत फिरत तिकडे पोचलेला अवतार आहे. नारुतोच्या गावाच्या, कोनोहाच्या, वेशीवर थडकलेलं जनावर इतका लांबचा पल्ला मारून आलंय.

साप्ताहिकाची शिस्तही ध्यानात घ्यायला हवी. ‘जंप’मध्ये दर आठवड्याला साधारण १९ पानं द्यायची, वाचक पोस्टकार्डांवर आवडीनिवडी कळवणार, खाली घसरलेली मालिका काही आठवड्यांत बंद होणार. मैत्री, मेहनत आणि विजय हे या साप्ताहिकाचं जुनं ब्रीद. तशात किशिमोतोंनी पहिल्याच मोठ्या मोहिमेत, लाटांच्या देशात, मैत्री आणि मेहनत दोन्ही हरताना दाखवली. पूल बांधणारा म्हातारा ताझुना पैसे नाहीत म्हणून धोका लपवतो आणि स्वस्तातली मोहीम नोंदवतो, त्यामुळे बारा-तेरा वर्षांची पोरं मारेकऱ्यांसमोर जाऊन पडतात. पलीकडे झाबुझा या मारेकऱ्याने हाकू नावाच्या अनाथ मुलाला हत्यार म्हणून वाढवलेलं. हाकू आपल्या मालकावरचा वार स्वतःच्या छातीवर घेतो. ज्या शेठसाठी हे सगळं चाललं होतं, तो तेवढ्यात मोबदला बुडवायला आपली टोळी घेऊन हजर होतो. नारुतो ओरडून ओरडून झाबुझाला सुनावतो आणि पट्ट्यांनी तोंड झाकलेला तो माणूस रडतो. पुढे कितीही मोठी युद्धं झाली तरी या पुलावरच्या प्रकरणांची सर फार थोड्यांना आली.

आता जिराया, त्सुनादे आणि ओरोचिमारू, हे मालिकेतले तीन मोठे निंजा. ही तीन नावं ‘नारुतो’मुळे जगाला माहीत झाली, पण जपानी वाचकाला ती दीडशे-पावणेदोनशे वर्षं ओळखीची आहेत. १८०६ मध्ये जिराया या चोराची गोष्ट प्रथम छापली गेली. नंतर १८३९ ते १८६८ या काळात ‘जिराया गोकेत्सु मोनोगातारी’ ही सचित्र कथामाला वेगवेगळ्या लेखकांनी हप्त्याहप्त्याने चालवली. एका अर्थी ती त्या काळची दीर्घ मांगाच. तिच्यात जिरायाकडे बेडकाची जादू, त्सुनादेकडे गोगलगायीची आणि ओरोचिमारूकडे सापाची. साप बेडकाला खातो, बेडूक गोगलगायीला, आणि गोगलगाय सापाला विरघळवते, असा जपानी समज. तिघं समोरासमोर आले की कुणीच हलू शकत नाही. कावाताके मोकुआमी यांनी १८५२ मध्ये ही कथा काबुकीच्या रंगमंचावर आणली, आणि १९२१ मध्ये तिच्यावर मूकपटही निघाला. तिसऱ्या होकागेचं आडनाव सारुतोबी आणि नारुतोचा सोबती सासुके याचं नाव हेही असंच उसनं आहे. सारुतोबी सासुके हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्वस्त, खिशात मावणाऱ्या पुस्तकांमधला लाडका निंजा.

जुन्या कथेत जिराया आणि त्सुनादे नवराबायको. किशिमोतोंनी तिघांना एकाच गुरूचे शिष्य केलं आणि त्या कोंडीत एक सौदा ठेवला. तिसऱ्या होकागेने मरता मरता ओरोचिमारूचे हात निकामी केले आहेत. ते बरे करू शकणारी एकच वैद्य, त्सुनादे. तो तिला म्हणतो, हात बरे कर, मी तुझा मेलेला भाऊ नावाकी आणि प्रियकर दान या दोघांना परत आणतो. विचाराला एक आठवडा. बरे झालेल्या हातांचं काय करणार, हेही तो लपवत नाही : कोनोहा बेचिराख करणार.

मला हा भाग अख्ख्या मालिकेत सगळ्यात नीट रचलेला वाटतो, कारण त्याच आठवड्यात दुसरी पैजही लागलेली आहे. रक्त पाहून थरथरणारी, कर्जबाजारी त्सुनादे जुगाराच्या अड्ड्यांवर बकरा म्हणून प्रसिद्ध आहे. ती कायम हरते, आणि जिंकली की काहीतरी वाईट घडतं, असा तिचा स्वतःचाच अनुभव. ती नारुतोशी पैज लावते की आठवड्यात रासेंगान ही विद्या शिकलास तर गळ्यातला हार तुझा. हा हार आजोबांचा, पहिल्या होकागेचा. तो तिने नावाकीला दिला, तो मेला. दानला दिला, तोही मेला. म्हणजे एका हाताला मेलेली माणसं परत मिळण्याचं आमिष, दुसऱ्या हाताला जिवंत पोराच्या गळ्यात तोच अपशकुनी हार. त्सुनादे ओरोचिमारूला नकार देते तेव्हा त्यात तत्त्वज्ञान फारसं नसतं. होकागे होण्याचं स्वप्न बडबडणारा आणखी एक मुलगा तिच्यासमोर उभा असतो, एवढंच. ती पैज हरते आणि या वेळी हरल्याचं तिला वाईट वाटत नाही.

सासुकेचा सौदा याच्या नेमका उलट आहे. ताकद घे, शरीर दे. परीक्षेच्या जंगलात मानेवर उमटलेली ओरोचिमारूची खूण त्याची विसार. सासुके निघून जातो आणि त्याला आणायला त्यांचाच सोबती शिकामारू चार पोरं घेऊन जातो. त्यांतला चोजी एकामागून एक तीन ताकदीच्या गोळ्या गिळतो, शेवटची गिळणं म्हणजे मरण पत्करणं. सगळे जगतात, पण इस्पितळात शस्त्रक्रिया चालू असताना आळशी म्हणून हिणवला गेलेला शिकामारू रडतो ते दृश्य मोहिमेपेक्षा जास्त लक्षात राहतं. सासुकेने पुढे मालकालाच गिळलं, हा अर्थात ऋणकोने सावकाराला खाल्ल्याचा दुर्मीळ प्रसंग.

चियोआजीचा प्रसंग लोक भावुक म्हणून आठवतात. त्यात न्यायही आहे. जन्माआधीच गारा नावाच्या मुलाच्या शरीरात राक्षस कोंडायचं काम वाळूच्या गावात याच म्हातारीने केलं होतं. गारा मरतो तेव्हा ती आपला जीव देऊन त्याला उठवते. मूळ व्यवहारात जिचा हात होता तीच फेड करते, असं या मालिकेत फार क्वचित घडतं.

सासुकेच्या थोरल्या भावाचं, इताचीचं, सत्य २००८ च्या प्रकरणांत उलगडलं. त्यांचं उचिहा घराणं बंड करणार, युद्ध पेटणार. गावातला वजनदार म्हातारा दानझो तेरा वर्षांच्या या मुलापुढे पर्याय ठेवतो : घराण्याबरोबर राहा, मग धाकट्या भावासकट सगळे मरतील, नाहीतर तूच सगळ्यांना मार, भाऊ वाचेल. इथे किशिमोतोंनी वाचकांना अडचणीत टाकलं. नारुतोला ज्या गावाचा प्रमुख व्हायचंय, त्या गावाचा पाया हा आहे. पुढे मालिका इताचीला जवळपास संत करते. दानझोवर राग निघतो, पण ज्या व्यवस्थेत असा पर्याय मांडता येतो तिच्याकडे ती पुरेसं पाहत नाही, अशी माझी तक्रार आहे.

कोनोहावर चाल करून आलेला नागातो हा प्रश्न थेट विचारतो. त्याचे सहा देह म्हणजे बौद्ध परंपरेतल्या सहा गती : देव, असुर, मनुष्य, तिर्यक, प्रेत, नरक. आपल्याकडच्या वाचकाला ही यादी समजावून सांगावी लागत नाही. जिरायाला मारून, कोनोहा सपाट करून तो नारुतोला विचारतो की तुला आता माझा सूड घ्यायचाय, तर शांतता कशी आणणार? नारुतो उत्तर नसल्याचं कबूल करतो आणि तरीही त्याला मारत नाही. इथपर्यंत सगळं अस्सल. मग नागातो आपल्या जीवाच्या बदल्यात गावात मेलेल्यांना परत आणतो, नारुतोचा गुरू काकाशी याच्यासकट, आणि अवघड प्रश्नाची धार बोथट होते. नंतरच्या महायुद्धात ओरोचिमारूने त्सुनादेला दाखवलेली मेलेल्यांना उठवण्याची विद्या घाऊक वापरली जाते. जिच्या नुसत्या आमिषाने एक बाई आठवडाभर कासावीस झाली होती, तिला आता फौजा उभ्या करण्याचं काम लागलं.

शेवटची लढत मात्र पुन्हा माणसांच्या मापाची आहे. नारुतो आणि सासुके एकेक हात गमावतात. त्सुनादे पहिल्या होकागेच्या पेशींपासून कृत्रिम हात तयार करते. नारुतो तो घेतो, सासुके तसाच निघून जातो. पुढची पिढी ‘बोरुतो’मध्ये २०१६ पासून आली, मिकिओ इकेमोतो यांच्या चित्रांत, आधी उक्यो कोदाची यांच्या लेखणीतून आणि २०२० पासून किशिमोतोंच्या. नारुतोच्या मुलाच्या तळहातावर तिथे एक खूण उमटते. तिच्यातून ताकद मिळते, आणि खूण देणाऱ्याला हळूहळू त्या पोराचं शरीर.