भाजलेल्या जपानी चहात कॅफीन नसते का?

‘होजिचा भाजलेला असतो, त्यामुळे त्यात कॅफीन उरत नाही; रात्रीही हवा तेवढा प्यावा’ हा जळगाव-धुळ्याकडेही ऐकू येणारा समज चुकीचा आहे. १९२०च्या दशकात क्योटोत रूढ झालेल्या या चहासाठी बहुधा जून पाने व देठ वापरतात, ज्यांत मुळातच कॅफीन कमी असते. तरीही जपानच्या अन्नघटक तक्त्यानुसार १०० मिलिलिटर होजिचात ते सुमारे २० मिलिग्रॅम, म्हणजे कॉफीच्या साधारण एक तृतीयांश भरते. भाजल्याने तुरटपणा घटतो आणि खमंग वास सुटतो, एवढ्यानेच तो निर्धोक वाटू लागतो. दुपारी बिनसाखरेचा एखादा कप खुशाल घ्यावा. मात्र कळण्याची भाकरी व डाळीबरोबर नको, कारण चहातील टॅनिनमुळे त्यांतील लोह अंगी कमी लागते, आणि रक्त कमी असलेल्या बायकांनी तर जेवणानंतर तासभर थांबावेच, असा माझा आग्रह आहे.