अ‍ॅनेक्सिन चाचणीमागची वीस वर्षं

पेशी मरणाच्या वाटेवर आहे का, हे बघायला आज प्रयोगशाळेत अ‍ॅनेक्सिन-फाइव्ह या प्रथिनाचं किट काढतात. या किटचं मूळ मात्र पेशीमृत्यूच्या अभ्यासात नाही, रक्त गोठण्याच्या अभ्यासात आहे. चाचणीत होणाऱ्या बऱ्याचशा चुकाही तिथूनच समजतात.

१९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी आक्रसून तुकडे होत जाणाऱ्या पेशींच्या मृत्यूला ‘अ‍ॅपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. त्याच वर्षी मार्क ब्रेचर यांनी, अगदी वेगळ्या कामातून, तांबड्या रक्तपेशीच्या पटलाचे (पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचे) दोन थर सारखे नाहीत असं मांडलं. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हर्क्लाय आणि झ्वाल यांच्या गटाने फॉस्फोलिपेज (पटलातले लिपिड, म्हणजे स्निग्ध रेणू, तोडणारी) विकरं वापरून हिशेब लावला: फॉस्फटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलीन हे लिपिड बहुतेक बाहेरच्या थरात, फॉस्फटिडिलसेरीन (पीएस) जवळजवळ सगळं आतल्या. पीएस तिथे आपोआप टिकत नाही. एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्चून त्याला आत ओढणारी यंत्रणा असते, हे सेन्यूरे आणि दवो यांनी १९८४ मध्ये दाखवलं.

एवढा खटाटोप कशाला, तर ऋणभारित पीएस बाहेर आलं की कॅल्शियमच्या मदतीने गोठण घटक त्यावर बसतात. चेतवलेल्या बिंबिकांवर (प्लेटलेटवर) नेमकं हेच घडतं. नाळेच्या रक्तवाहिन्यांतून १९८५ मध्ये जे गोठणरोधक प्रथिन वेगळं केलं, तेच पुढे अ‍ॅनेक्सिन-फाइव्ह म्हणून ओळखलं गेलं. पीएस झाकून टाकणं हीच त्याची करामत.

दोन्ही धागे जुळले १९९२ मध्ये. फॅडॉक आणि सहकाऱ्यांनी मरणाऱ्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मॅक्रोफेजपुढे, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशींपुढे, ठेवल्या आणि सोबत पीएसचे लायपोसोम (लिपिडचे सूक्ष्म बुडबुडे) घातले. पेशी गिळणं कमी झालं. सेरीनचं एल-रूप बदलून डी-रूप (त्याची आरशातली प्रतिमा) घातलं, तर काहीच परिणाम नाही. म्हणजे मॅक्रोफेज नुसता ऋणभार ओळखत नव्हते, रेणूचा आकार ओळखत होते; आणि मरणाऱ्या पेशीवर पीएस बाहेर आलेलं होतं. इतका साधा आणि निर्णायक प्रयोग क्वचित सापडतो. १९९४-९५ मध्ये कूपमन आणि व्हर्मेस यांनी पीएसला चिकटणारं हेच अ‍ॅनेक्सिन रंगवून फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी प्रकाशात मोजण्याच्या तंत्रात) आणलं.

कृती तेव्हापासून फारशी बदललेली नाही. १ लाख पेशी १०० मायक्रोलिटर बफरमध्ये (१० मिलीमोलर हेपीस, १४० सोडियम क्लोराइड, २.५ कॅल्शियम क्लोराइड, पीएच ७.४), ५ मायक्रोलिटर अ‍ॅनेक्सिन आणि प्रॉपिडियम आयोडाइड (फाटलेल्या पेशीतच शिरणारा, डीएनएला चिकटणारा रंग), १५ मिनिटं अंधारात, मग आणखी ४०० मायक्रोलिटर बफर घालून तासाभरात मोजणी. पेशी तळापासून सोडवताना वापरलेलं ईडीटीए हे रसायन धुऊन निघालं नाही तर ते कॅल्शियम पकडून ठेवतं, त्याविना अ‍ॅनेक्सिन पीएसला चिकटत नाही आणि मरणाऱ्या पेशीही कोऱ्या दिसतात. पटल फाटलेल्या पेशीत अ‍ॅनेक्सिन आत शिरून आतलंच पीएस रंगवतं. प्रॉपिडियम घालायचं ते अशा पेशी वेगळ्या काढण्यासाठी. तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी असतील, तर तरंगणाऱ्या पेशींचं माध्यम ओतून देणं ही नेहमीची चूक. मरणाऱ्या पेशी त्यातच असतात.

पीएस बाहेर नेमकं येतं कसं, याचं उत्तर मिळायला आणखी दोन दशकं गेली. जपानमधल्या नागाता गटाने २०१३ मध्ये दाखवलं की कॅस्पेज (अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये प्रथिनं कापणारं विकर) एक्सकेआर-८ हे प्रथिन कापतं आणि दोन थरांतले लिपिड मिसळू लागतात. २०१४ मध्ये असं की पीएसला आत ओढणारं एटीपी-११-सी हे प्रथिनही कॅस्पेजच निकामी करतं. राजी या लिम्फोमा पेशींत एक्सकेआर-८ चं जनुक मेथिलेशनने (डीएनएवर बसलेल्या रासायनिक खुणेने) बंद असतं. त्या अ‍ॅपॉप्टोसिसने मरतात, पण पीएस बाहेर दाखवत नाहीत आणि अ‍ॅनेक्सिनला सापडत नाहीत.