अळिंबीचा अर्क यकृताला नेमका कशापासून वाचवतो?

यकृतातील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि यकृतपेशी यांच्यामधल्या अरुंद जागेत तारकापेशी असतात. निरोगी यकृतात त्यांचे मुख्य काम अ जीवनसत्त्व स्निग्ध थेंबांच्या रूपात साठवून ठेवण्याचे असते. मात्र हिपॅटायटिसचा विषाणू, मद्य किंवा साचलेली चरबी यांमुळे यकृतपेशी वर्षानुवर्षे मरत राहिल्या, की टीजीएफ-बीटासारख्या संदेशवाहक प्रथिनांच्या प्रभावाखाली या पेशींचे रूप पालटते. त्यांच्यातले थेंब नाहीसे होतात आणि त्या कोलॅजनचे तंतू तयार करू लागतात. जखम भरण्यासाठी सुरू झालेले हे काम थांबले नाही, तर यकृतभर व्रणाचे जाळे पसरते. हीच फायब्रोसिस, आणि तिची शेवटची पायरी म्हणजे सिरोसिस.

रेशी, कॉर्डिसेप्स, तैवानमधील अँट्रोडिया अशा औषधी अळिंबींचे अर्क ही प्रक्रिया रोखतात, असे प्राण्यांवरील अनेक प्रयोगांत दिसले आहे. अर्क कसा काढला, यावर बरेच काही अवलंबून असते. गरम पाण्यात प्रामुख्याने बीटा-ग्लुकानसारख्या बहुशर्करा उतरतात, तर अल्कोहोलमध्ये ट्रायटर्पीन. त्यामुळे एकाच रेशीचे दोन अर्क रासायनिकदृष्ट्या दोन वेगळे पदार्थ असू शकतात.

हे प्रयोग कसे होतात, ते बारकाईने पाहायला हवे. उंदरांना काही आठवडे कार्बन टेट्राक्लोराइड हे विष टोचले जाते. यकृतातील सीवायपी२ई१ हे विकर त्याचे रूपांतर अतिशय क्रियाशील मुक्त मूलकात करते आणि ते मूलक पेशींच्या आवरणातील मेदाची नासाडी करते. अनेकदा अर्क पहिल्या दिवसापासूनच विषासोबत दिला जातो. अखेरीस यकृताचा पातळ काप सिरियस रेड या रंगद्रव्याने रंगवतात. कोलॅजन लाल दिसते, आणि अर्क घेतलेल्या उंदरांत ही लाली कमी भरते. पण अर्काने ते विकर मंदावले असेल किंवा मूलके निष्प्रभ केली असतील, तर मुळात विषच बोथट झाले. तारकापेशींवर त्याचा थेट परिणाम झालाच असे म्हणता येत नाही. माझ्या मते या विषयावरील बहुतेक उत्साही मजकुरात हाच फरक गाळला जातो. फायब्रोसिस पुरती रुजल्यावर अर्क सुरू केला, किंवा विषाऐवजी पित्तनलिका बांधून ती घडवली, तर पुरावा अधिक भक्कम ठरतो. अर्थात तेव्हाही अर्क न दिलेल्या उंदरांशी तुलना हवीच, कारण विष थांबवल्यावर उंदरांचे यकृत आपोआपही बरेच सुधारते.

माणसाच्या बाबतीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण रुग्ण डॉक्टरांकडे येतो तेव्हा व्रण बहुधा आधीच तयार झालेले असतात. हिपॅटायटिस सीचा विषाणू औषधांनी नाहीसा केल्यावर फायब्रोसिस मागे हटू शकते, हे आता प्रस्थापित आहे. फायब्रोसिसवरील औषधाची कसोटी किती कडक असते, ते रेस्मेटिरॉम या औषधाच्या उदाहरणावरून कळते. चरबीमुळे होणाऱ्या यकृतदाहातील मध्यम ते तीव्र फायब्रोसिससाठी अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यामागच्या चाचणीत ९६६ रुग्ण होते आणि ५२ आठवड्यांनी पुन्हा यकृताचा तुकडा तपासला गेला. औषध घेणाऱ्यांपैकी २४ ते २६ टक्के रुग्णांची फायब्रोसिस किमान एका पायरीने उतरली. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे १४ टक्के रुग्णांत तसेच घडले. अळिंबीच्या कोणत्याही अर्काने अजून अशी मोठी चाचणी पार केलेली नाही. त्यामुळे ‘घेतल्यावर बरे वाटले’ किंवा ‘रिपोर्ट सुधारला’ एवढ्यावर अर्काला श्रेय देता येत नाही.

शिवाय रेशीची भुकटी घेतल्यानंतर यकृताला गंभीर इजा झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत, आणि थायलंडमधील एका प्रकरणात मृत्यूही झाला. म्हणून फायब्रोसिसच्या रुग्णाने असा अर्क घेत असल्यास डॉक्टरांना त्याचे नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख सांगावी. रक्ततपासणीत एएलटी हे यकृताची इजा दाखवणारे विकर अचानक वाढलेले आढळले, तर मूळ आजार बळावला की अर्काने इजा केली, हे ठरवताना या माहितीचा मोठा उपयोग होतो.