नीरपरवै (तमिळ चित्रपट)

नीरपरवै म्हणजे पाणपक्षी. सीनू रामसामी यांचा हा तमिळ सिनेमा 30 नोव्हेंबर 2012 ला रिलीज झाला, निर्माते उदयनिधी स्टालिन. मुख्य भूमिकांत विष्णू विशाल आणि सुनैना, आणि तीच नायिका म्हातारी झालेली दाखवलीय नंदिता दासने (मराठी प्रेक्षकाला ती 'मातीमाय'मुळे ओळखीची). वरवर मच्छीमार पोरापोरीची लव्हस्टोरी, पण सुरुवातच होते ती घरातल्या जमिनीखाली सापडलेल्या सांगाड्यापासून.

समुद्रकाठच्या घरात एस्थर नावाची बाई वर्षानुवर्षं नवऱ्याची वाट बघत बसलीय असं गावाला वाटत असतं. समुद्रावर गेला तो आलाच नाही, एवढंच सगळ्यांना माहीत. मग सांगाडा सापडतो, पोलीस तिलाच उचलतात आणि तिथून कथा मागे जाते.

नवरा अरुलप्पसामी. हा मूळचा गावचा नाहीच, लहानपणी समुद्रात आईबाप गेलेलं श्रीलंकेकडचं पोर, लूर्दुसामी आणि मेरी या कोळी जोडप्यानं वाढवलेलं. मोठा होऊन पक्का बेवडा झालेला. दारूला पैसे मागायला तो एस्थरसमोर येतो तेव्हा ती पैसे देत नाही, त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते! पुढचं सगळं त्या एका हातामुळे. दारू सुटते पण गाव समुद्रावर जाऊ देत नाही, कारण तो जन्मानं कोळी नाही, म्हणून मग मिठागरात राबणं आणि शेवटी उडुमान गनी या मुसलमान माणसाच्या मदतीनं स्वतःची होडी. गनीची भूमिका समुद्रकनी यांनी केलीय आणि माझ्या मते सिनेमातलं सगळ्यात भारी काम तेच. आईच्या भूमिकेत सरण्या पोन्नवन्नन, वडील 'पू' रामू. दारूचा भाग जरा लांबलाय हे खरं.

लग्न होतं, मूल होतं आणि मग एक दिवस तो श्रीलंकन नौदलाच्या गोळीनं मरतो. समुद्रावर गेलेल्या माणसाचं प्रेतही हाती लागत नाही हे कोळीवाड्यांचं जुनं दुःख, इथे उलटं आहे. प्रेत मिळालंय, पण ते लपवून घरातच पुरलंय, म्हणजे बाई वाट बघत होती की राखण करत होती हा प्रश्न सिनेमा संपल्यावरही डोक्यातून जात नाही.

गोळीबाराचा संदर्भ कल्पनेतला नाही. भारत आणि श्रीलंकेच्या मधली पाल्कची सामुद्रधुनी अरुंद, पाण्यावर रेषा दिसत नाही. 1974 च्या करारात कच्चतीवू हे जेमतेम 285 एकरांचं बेट श्रीलंकेकडे गेलं, 1976 च्या करारानं एकमेकांच्या पाण्यातली मासेमारी बंद झाली, पण मासळी काही करार वाचत नाही, त्यामुळे जाळी पलीकडे जातात आणि मग अटक, होड्या जप्त, कधी गोळ्या. दुसरी बाजूही आहे, तमिळनाडूचे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून नेतात अशी उत्तर श्रीलंकेतल्या जाफनाच्या (तेही तमिळच) मच्छीमारांची तक्रार, आणि श्रीलंकेनं 2017 मध्ये तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर बंदी घातली. सिनेमा या भानगडीत शिरत नाही, त्याची होडी छोटी आहे.

गाव कॅथलिक असणंही उगाच नाही. या किनाऱ्यावरचे परवर मच्छीमार पोर्तुगीजांच्या काळात, 1530 च्या दशकात ख्रिस्ती झाले, आणि 1542 मध्ये त्यांच्यात आला तो धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव आज जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात आहे. त्यामुळे एस्थर, मेरी, लूर्दुसामी ही नावं तिकडे अगदी घरची.

गाणी वैरमुत्तूंची, संगीत एन. आर. रघुनंदन, संवादांत दिग्दर्शकासोबत लेखक जेयमोहन. रामसामींच्या आधीच्या 'तेन्मेर्कु परुवकाट्रु'ला (2010) राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, सरण्यालाही अभिनयाचा त्याच सिनेमासाठी, तिथेही ती आईच होती.