राणीच्या बागेत बर्फ शोधणारे लोक

पेंग्विनच्या काचेपुढे जरा वेळ उभं राहा, शेजारचं एखादं पोरगं हमखास विचारणार, "पप्पा, बर्फ कुठाय?" आणि पप्पा पण इकडेतिकडे बघत बसतात. बर्फ नाहीच आहे ओ. हे हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिथे मागे रखरखीत वाळवंट आणि पुढे गारेगार समुद्र, कारण दक्षिणेकडून थंड प्रवाह येतो आणि खोलातलं गार पाणी वर येतं, त्यात मासळी रग्गड. पक्ष्यांच्या विष्ठेचे जे जाड थर साचायचे, ग्वानो म्हणतात त्याला, त्यात बिळं करून ही मंडळी अंडी घालायची. १९व्या शतकात खतासाठी तोच ग्वानो खणून जहाजं भरभरून नेला, म्हणजे सरळ घरंच उचलून नेली की!

बाग मात्र पेंग्विनपेक्षा कितीतरी जुनी. १८६२ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया गार्डन्स म्हणून उघडली म्हणून राणीची बाग, कागदावर आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा एकदा. आधी झाडं आली, प्राणी मागाहून. शेजारच्या म्युझियमबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना फुटला, मग तुकडे इथे आणले आणि १९१४ मध्ये जोडले. पेंग्विनकडे धावणारे लोक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, मला तर तोच जास्त आवडतो.

असो. २०१६च्या जुलैत सोलहून ८ पेंग्विन आले, त्यातला एक ऑक्टोबरमध्ये दगावला, तेव्हा केवढा गदारोळ झालेला आठवतंय ना. आत १६ ते १८ डिग्री ठेवतात. बर्फ नको असला तरी मुंबईचा दमट उकाडा त्यांना झेपणारा नाही, आणि पिंजऱ्यातल्या पेंग्विनना हवेतल्या बुरशीचा फुफ्फुसाचा आजार पटकन होतो, त्यामुळे नुसता एसी पुरत नाही, हवा गाळून सोडावी लागते. तोंडाजवळची ती गुलाबी कातडी बघितलीत? तिथे पिसं नसतात, उकडलं की रक्त तिकडे जास्त धावतं आणि अंगातली उष्णता बाहेर पडते. डोळ्यांच्या वर मिठाची ग्रंथी असते, समुद्राचं पाणी पोटात गेलं तरी जास्तीचं मीठ नाकावाटे गळून जातं. छातीपोटावरचे काळे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे.

कधीकधी एखादा कोपऱ्यात फाटक्या उशीसारखा उभा दिसतो, पिसांचे पुंजके लोंबतायत, आणि बघणारे म्हणतात, अरेरे, आजारी दिसतोय. आजारी नसतो तो. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसं एकदम बदलतो, त्या दोनेक आठवड्यांत अंग वॉटरप्रूफ राहत नाही म्हणून पाण्यात उतरत नाही, आणि समुद्रात असता तर पाण्यात नाही म्हणजे मासे पण नाहीत, म्हणून आधीच खाऊन खाऊन गरगरीत झालेला असतो.