लखोबा ते अण्णा नाईक : दुष्ट नायकाविषयीच्या मायेची पार्श्वभूमी

वाशीचे नाट्यगृह विष्णुदास भावे यांच्या नावाचे आहे, ठाण्यात तलावपाळीवरचे राम गणेश गडकरी यांच्या आणि ठाण्यातलेच दुसरे डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या नावाचे. ही तीन नावे एका ओळीत ठेवली, तर मराठी प्रेक्षक आणि खलपुरुष यांच्या बदलत गेलेल्या नात्याचा निम्मा इतिहास हाती लागतो. मालिकेतील मुख्य पात्र उघडउघड दुष्ट असूनही प्रेक्षक त्याच्या बाजूने का उभे राहतात, या प्रश्नाची चर्चा हल्ली बहुधा अमेरिकी मालिकांपासून सुरू होते. निदान ठाणे आणि नवी मुंबईत तरी ती या तीन पाट्यांपासून सुरू व्हायला हरकत नाही.

भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीता स्वयंवर’ सादर केले. त्या परंपरेतल्या पौराणिक खेळांत राक्षस ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकत, तलवारी नाचवत रंगमंचावर येत. प्रेक्षक त्यांना भीत, क्वचित हसत. परंतु त्यांची बाजू समजून घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांना स्वतःचे असे काही म्हणायचेच नसे. पाऊण शतकानंतर आलेल्या ‘भावबंधन’ नाटकात गडकऱ्यांनी घनश्याम या खलपुरुषाला हे म्हणणे दिले. लतिकेने केलेला त्याचा अपमान आपल्याला आधी कळतो आणि त्याचा सूड नंतर दिसतो. चिंतामणराव कोल्हटकरांनी गाजवलेल्या या भूमिकेला प्रेक्षकांनी माफ केले असे नाही. पण त्याचा राग कुठून आला, हे त्यांना ठाऊक होते, आणि ही माहिती पुढच्या साऱ्या प्रकरणाचे मूळ आहे.

खरी उलथापालथ १९६० नंतरच्या दहा-बारा वर्षांत झाली. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये आले. एका खऱ्या फसवणुकीच्या खटल्यावरून रचलेल्या या नाटकाचा नायक लखोबा लोखंडे हा निरनिराळी नावे आणि वेष धारण करून बायकांना लग्नाच्या नावाखाली लुबाडणारा भामटा आहे. तरीही प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एका वेषातून दुसऱ्या वेषात कसे जातात, हे पाहायला लोक पुन्हा पुन्हा तिकिटे काढत राहिले. साक्षीदार बाई पिंजऱ्यात रडत असते आणि प्रेक्षकाचे डोळे मात्र आता स्वतःला निपाणीचा तंबाखूवाला म्हणवणारा हा लखोबा कोणती थाप मारून निसटतो, याकडे लागलेले असतात. आपल्या कामात तरबेज असलेल्या माणसाविषयी, ते काम हलकट असले तरी, मनात एक दाद उमटतेच. लखोबाविषयी वाटणारी ती दाद अजून माया नव्हती, पण मायेच्या फार लांबही नव्हती.

माया पुढे १९६६ मध्ये, वसंत कानेटकरांच्या ‘अश्रूंची झाली फुले’ने दिली. त्यातला लाल्या हा कॉलेजातला गुंड विद्यार्थी. घाणेकरांनी तो असा रंगवला की प्रेक्षक त्याच्या प्रवेशाची वाट पाहत बसत आणि तो येताच टाळ्या-शिट्ट्यांनी नाट्यगृह दणाणून सोडत. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने याच नाटकातले प्रा. विद्यानंद अधिक महत्त्वाचे आहेत. ते सचोटीने वागणारे आहेत, खोट्या आरोपात अडकून तुरुंगात जातात आणि बाहेर आल्यावर स्वतःच गुन्हेगारीच्या वाटेला लागतात. ही भूमिका पणशीकरांचीच होती. पापभीरू शिक्षक परिस्थितीच्या रेट्याने गुन्हेगार होतो, ही कथा मराठी माणसाने नाट्यगृहात पाहिली, त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी ती अमेरिकी टीव्हीवर नवी म्हणून गाजली. पुढे १९६७ मध्ये शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ कादंबरीने कर्णाबरोबर दुर्योधनालाही प्रथमपुरुषी बोलते केले, आणि १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ने तर प्रेक्षकाला कोणतीच सबब शिल्लक ठेवली नाही. टाकलेल्या बायका घरी आणून राबवणारा, मारहाण करणारा सखाराम आपल्या वागण्यावर पांघरूण घालत नाही. निळू फुले यांच्या तोंडी आलेला त्याचा तो निर्लज्ज रोखठोकपणाच लोकांना खेचून घेत होता, आणि त्याच्याविषयी आपल्याला काहीतरी वाटते आहे, ही जाणीव अनेकांना सहन होत नव्हती. सेन्सॉरशी झालेला झगडा अखेर उच्च न्यायालयात गेला.

अमेरिकेत हे वळण टीव्हीच्या पडद्यावर आले. ‘डॅलस’मधल्या जे. आर. युइंग या कपटी तेलसम्राटावर गोळी कोणी झाडली, या कोड्याने १९८० मध्ये तिकडचा प्रेक्षक वेडावला होता. पण तो खलनायक अनेक पात्रांपैकी एक होता. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘द सोप्रानोज’ने टोनी सोप्रानो या माफिया टोळीच्या म्होरक्यालाच केंद्रस्थानी बसवले. त्याच्या पाचव्या भागात टोनी मुलीला कॉलेजे दाखवायला घेऊन निघतो, ती गाडीत त्याला ‘तुम्ही माफियात आहात का’ असे सरळ विचारते, आणि त्याच सहलीत तो एका जुन्या फितुराला गाठून स्वतःच्या हातांनी गळा आवळून मारतो. प्रेक्षक उलटतील, अशी धास्ती वाहिनीच्या प्रमुखाला वाटली होती. टोळीच्या म्होरक्याने फितुराला सोडले, तर प्रेक्षकांचा त्याच्यावर विश्वासच राहणार नाही, असे निर्माते डेव्हिड चेस यांचे म्हणणे होते. प्रेक्षक उलटले नाहीत. २००८ मध्ये आलेल्या ‘ब्रेकिंग बॅड’ने पहिल्याच भागात वॉल्टर व्हाइट या रसायनशास्त्राच्या शिक्षकाला गाड्या धुण्याच्या दुकानात, आपल्याच विद्यार्थ्याच्या गाडीसमोर गुडघे टेकायला लावले. पुढे तो जे काही करतो, त्याची वकिली हे गुडघे करत राहतात.

अभ्यासकांनी या ओढीचे पदर वेगवेगळे सोडवले आहेत. हॉर्टन आणि व्होल यांनी १९५६ मध्येच दाखवून दिले की पडद्यावर नेमाने भेटणाऱ्या व्यक्तीशी प्रेक्षकाची एकतर्फी ओळख जडते. एखादे पात्र आवडावे की नाही, हे त्याच्या वागण्याचा नैतिक निवाडा करून प्रेक्षक ठरवतो, असे डॉल्फ झिलमन यांचे प्रतिपादन होते. पुढच्या संशोधकांनी त्याची दुसरी बाजू मांडली, ती अशी की पात्र एकदा आवडले की प्रेक्षक त्याच्यासाठी निवाडाच सैल करतो. मरी स्मिथ यांनी १९९५ मध्ये पात्राबरोबर कथेत फिरणे आणि त्याची बाजू घेणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडणारा भेद हाच आहे, कारण मालिका पहिल्या गोष्टीतून नकळत दुसरी घडवते. त्यातही पाहणाऱ्यावर बरेच अवलंबून असते. वर्णद्वेषी आर्ची बंकरची टिंगल करण्यासाठी रचलेली ‘ऑल इन द फॅमिली’ ही अमेरिकी मालिका पूर्वग्रह बाळगणाऱ्या प्रेक्षकांना आर्चीच जिंकतोय अशी दिसत होती, असे १९७४ मधील एका अभ्यासात आढळले.

मराठी मालिकांनी या ओढीला रोजची वेळ नेमून दिली. दूरदर्शनवरचा ‘रामायण’चा रावण वठवणारे अरविंद त्रिवेदी १९९१ मध्ये लोकसभेवर निवडून गेले, यावरून खलपुरुषाचा चेहराही किती घरचा होऊ शकतो याचा अंदाज यावा, तरी ती मालिका आठवड्यातून एकदाच येई. ‘रात्रीस खेळ चाले’चे पहिले पर्व २०१६ मध्ये अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाले आणि २०१९ मधले दुसरे पर्व मागे जाऊन त्यांचे आयुष्य सांगू लागले. लोकांना लुबाडणारा, खून पचवणारा, घरात बायको असताना शेवंताच्या मागे लागणारा हा माणूस सोमवारपासून रोज रात्री साडेदहाला दिवाणखान्यात येत होता. शेवटच्या लोकलच्या आधीची एखादी गाडी पकडून ऐरोलीला किंवा कळव्याला पोहोचणाऱ्याची जेवायला बसायची ती वेळ. ताट वाढले जाते, समोर अण्णा असतात, आणि माधव अभ्यंकरांचा तो खर्जातला दरारा जेवणाइतकाच सवयीचा होतो. २०२० मध्ये त्याच वेळेला ‘देवमाणूस’ आली. सातारा जिल्ह्यातील खऱ्या हत्याकांडावरून सुचलेल्या या मालिकेत बोगस डॉक्टर बायकांना मारतो आणि पुरतो. आता हा पकडला जाणार की काय, या धाकधुकीत प्रेक्षकाचा जीव मात्र अनेकदा त्याच्यासाठीच टांगणीला लागतो. (मालिकेतल्या सरू आजीच्या म्हणींनी अधूनमधून हा ताण हलका होत असे, तेही त्याच्या पथ्यावरच पडे.)

या साऱ्यात बळी पडणाऱ्यांना पडद्यावर फार थोडा वेळ मिळतो, ही गोष्ट मला लेखकाच्या कौशल्याहून अधिक निर्णायक वाटते. मारली जाणारी बाई काही भागांपुरती येते. मारणारा शेकडो भाग राहतो. जी टिकून राहते, तिचीही गत बरी नसते. वॉल्टरला अडवणाऱ्या त्याच्या पत्नीचा लोकांनी इतका द्वेष केला की ती भूमिका करणाऱ्या ॲना गन यांना २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहावा लागला.

दैनंदिन मालिकेत याला धंद्याचेही कारण जोडले जाते. ‘तो मी नव्हेच’चा खटला पडदा उघडल्यावर सुरू होई आणि त्याच रात्री संपे. मालिकेला तसे परवडत नाही, कारण नायकाला शिक्षा झाली की प्रसारणाची ठरलेली वेळही जाते आणि जाहिरातीही. ‘देवमाणूस’चे पहिले पर्व ऑगस्ट २०२१ मध्ये संपले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तोच डॉक्टर दुसरे पर्व घेऊन परत आला.