संयुक्त शेती सहकारी संस्था : पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी नोंदणीची माहिती

मावळातील भातखाचरे असोत की पुरंदरची जिरायत, वाटण्या होत होत शेताचे तुकडे इतके लहान झाले आहेत की एकट्याने यंत्र घेणे किंवा विहीर खोदणे परवडत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर भरली. डाळी आणि खाद्यतेल आजही परदेशातून आणावे लागत असताना हे तुकडे एकत्र कसणे गरजेचे आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली शेती संस्था नोंदवता येते. पीककर्ज देणारी गावची सोसायटी वेगळी. तिचे सभासदत्व येथे आड येत नाही.

नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान १० सज्ञान व्यक्ती लागतात. पती-पत्नी दोघांनी सह्या केल्या तरी या संख्येत ते दोन धरले जात नाहीत. बहुतांश जमीन सभासदांचीच असेल तर संस्था संयुक्त शेती वर्गात मोडते, बाहेरून मिळवलेली असेल तर सामूहिक शेती वर्गात.

प्रवर्तकांनी, म्हणजे संस्था स्थापन करू पाहणाऱ्या व्यक्तींनी, सभा घेऊन मुख्य प्रवर्तक निवडावा, तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधक कार्यालयातून नाव राखून घ्यावे व बँकेत खाते उघडून भागभांडवल जमा करावे. त्यानंतर नमुना 'अ' मधील अर्जासोबत सभेचे इतिवृत्त, प्रवर्तकांची यादी, ओळख व रहिवासाचे पुरावे, बँकेचा शिल्लक दाखला, कामकाजाची योजना, सातबारा व आठ-अ उतारे आणि उपविधींच्या (संस्थेच्या अंतर्गत नियमांच्या) चार प्रती द्याव्यात.

यातील सातबारा आधी नीट वाचावा. वडील वारून वर्षे लोटली तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव असते, भावांची नावे सामाईक असतात, इतर हक्कांच्या रकान्यात बँकेच्या कर्जाचा बोजा असतो. वारसनोंदीचा फेरफार मंजूर करून घेणे आणि सहहिस्सेदारांची लेखी संमती मिळवणे ही कामे अर्जाच्या आधी उरकावीत, अन्यथा पुढे ज्याची जमीन त्याच्याच घरातून हरकत येते.

उपविधींचा छापील मसुदा न वाचता सही करणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. जमिनीची मालकी सभासदाकडेच राहील, श्रमाची मजुरी वेगळी आणि जमिनीच्या प्रमाणात मोबदला वेगळा मिळेल, उभ्या पिकात कोणी बाहेर पडल्यास हिशेब कसा होईल, हे सर्व त्यात स्पष्ट असावे. जमीन कितीही असो, मत मात्र प्रत्येकाला एकच.

निबंधकांनी दोन महिन्यांत निर्णय देणे अपेक्षित आहे. नकार दिल्यास कारणे लेखी द्यावी लागतात व त्याविरुद्ध दोन महिन्यांत अपील करता येते. निबंधकांच्या निर्णयाची मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजली जात असल्याने अर्ज देताना तारीख व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.